घाना : नेते, प्राध्यापक आणि विद्यापीठं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घानाच्या पाच सेडीच्या नोटेवर पुढच्या बाजूला सहा माणसं आहेत आणि मागच्या बाजूला विद्यापीठाचं ग्रंथालय. या देशाबद्दल आपल्याकडून जे प्रश्न येतात, त्यांतले निम्मेअधिक नोटेच्या या दोन बाजूंपाशीच येऊन पोचतात. नेत्यांविषयी विचारलं की उत्तरात विद्यापीठ येतं आणि विद्यापीठाविषयी विचारलं की तुरुंग, लष्करी बंड, निवडणूक यांपैकी काहीतरी निघतंच. त्यामुळे इथली उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. क्रमानं वाचली तर बरं, पण मधूनच एखादं वाचलं तरी बिघडत नाही.

नोटेवरचे ते सहा जण कोण?

तिथे त्यांना 'बिग सिक्स' म्हणतात. क्वामे एन्क्रुमा, जे. बी. डांक्वा, इबेनेझर अको-अड्जेई, एडवर्ड अकुफो-अड्डो, इमॅन्युएल ओबेत्सेबी-लॅम्प्टी आणि विल्यम ओफोरी अट्टा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आलेल्या माजी सैनिकांनी पेन्शनसाठी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रा शहरात मोर्चा काढला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले आणि शहर पेटलं. देशाचं नाव तेव्हा गोल्ड कोस्ट होतं. ब्रिटिश सरकारनं दंगलीचं खापर या सहा जणांवर फोडून त्यांना अटक केली आणि एका रात्रीत त्यांना राष्ट्रपुरुष करून टाकलं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते. पुढची तशी नाही. १९४९ मध्ये एन्क्रुमांनी वेगळी चूल मांडली, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली. १९५१ची निवडणूक त्यांनी तुरुंगात बसून जिंकली आणि ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. १९५८ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. ओबेत्सेबी-लॅम्प्टी १९६३ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच वारले. डांक्वा फेब्रुवारी १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगातच वारले. ओफोरी अट्टाही आत गेले. अको-अड्जेई हे तर एन्क्रुमांचे जुने मित्र, त्यांना इंग्लंडहून मायदेशी बोलावून घेण्याची शिफारस करणारे. त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्या खटल्यात त्यांना निर्दोष ठरवणाऱ्या तीन न्यायमूर्तींपैकी एक होते एडवर्ड अकुफो-अड्डो. त्यांचं न्यायाधीशपद गेलं आणि अको-अड्जेई निर्दोष सुटूनही आतच राहिले, थेट १९६६ पर्यंत.

म्हणजे सहांतल्या एकानं चौघांना तुरुंगात धाडलं आणि पाचव्याला न्यायासनावरून उतरवलं. आता सहाही जण एकाच नोटेवर शेजारी शेजारी आहेत. घानाच्या लोकांना यात काही विचित्र वाटत नाही, असं नाही. त्याविषयी पुढे येईल.

क्वामे, कोफी, यॉ ही नावं इतक्यांदा का येतात? हे आडनाव आहे का?

नाही. हे वाराचं नाव. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मलं, त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. रविवारचा मुलगा क्वासी, सोमवारचा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा यॉ, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मुलींची नावं त्याच क्रमानं अकोसुआ, अड्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ (किंवा एफुआ) आणि अमा. आपल्याकडेही सोमा, मंगळू, बुधा, शुक्र्या ही नावं होतीच, पण ती मागे पडली. तिथे राष्ट्राध्यक्षापासून टॅक्सीवाल्यापर्यंत ती चालतात.

'अट्टा' म्हणजे जुळं. कोफी अट्टा अन्नान यांना जुळी बहीण होती, तिचं नाव एफुआ अट्टा. दोघंही शुक्रवारची. ८ एप्रिल १९३८ला कोणता वार होता ते पंचांगात पाहा. अमा अट्टा आयडू ही लेखिका शनिवारी जन्मलेली आणि जुळ्यांपैकी एक, हे तिच्या नावातच लिहिलेलं आहे.

एन्क्रुमांची गंमत आणखी वेगळी. त्यांचा जन्मदिवस २१ सप्टेंबर १९०९ असा नोंदवलेला आहे. पण तो मंगळवार होता आणि क्वामे तर शनिवारचा. आईनं वार नक्की लक्षात ठेवला, तारीख नंतर कुणीतरी अंदाजानं लिहिली. १८ सप्टेंबर हा शनिवार होता, तोच खरा असावा. एन्क्रुमा या शब्दाचा अर्थ नववं अपत्य.

देशाचं नाव घाना कुणी ठेवलं?

सुचवलं डांक्वा यांनी, देशाला दिलं एन्क्रुमांनी. प्राचीन घाना साम्राज्य आजच्या माली आणि मॉरिटानियाच्या भागात होतं, म्हणजे आताच्या घानापासून बऱ्याच उत्तरेला. डांक्वा वकील होते, शिवाय तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आणि इतिहासाचे हौशी अभ्यासक. आपले पूर्वज तिथून आले, असं त्यांचं मत होतं. इतिहासकार त्यावर नकारार्थी माना हलवतात, नाव मात्र टिकलं.

पहिलं विद्यापीठ कसं सुरू झालं?

कोकोच्या पैशावर, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पश्चिम आफ्रिकेत उच्च शिक्षणाची सोय कशी करावी, हे पाहायला ब्रिटिशांनी इलियट आयोग नेमला होता. आयोगातल्या अल्पमताचं म्हणणं पडलं की साऱ्या पश्चिम आफ्रिकेला मिळून एकच विद्यापीठ पुरे आणि ते नायजेरियात इबादानला असावं. लंडनला हेच मत सोयीचं वाटलं. गोल्ड कोस्टच्या लोकांना मात्र ते झोंबलं. डांक्वा आणि इतरांनी आवाज उठवला. जगाच्या बाजारात कोको विकून देशानं जमवलेला पैसा होता. आमच्या पैशानं आम्ही आमचं विद्यापीठ काढतो, असा मुद्दा त्यांनी लावून धरला.

११ ऑगस्ट १९४८च्या वटहुकमानं युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ द गोल्ड कोस्ट जन्माला आलं. डांक्वा आणि मंडळींच्या अटकेला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. लंडन विद्यापीठाशी संलग्न, पदवी लंडनची, प्राचार्य डेव्हिड बाम. पहिल्या तुकडीत शंभरच्या आतच विद्यार्थी होते आणि वर्ग भरायचे अचिमोटाच्या आवारात. पुढे लेगॉनच्या टेकडीवर कायमची जागा झाली. आजही घानात कुणी 'युनिव्हर्सिटी ऑफ घाना' म्हणत नाही, 'लेगॉन' म्हणतात. पांढऱ्या भिंती आणि लाल कौलांची छपरं. फोटो पाहून कोकणातल्या माणसाला क्षणभर चुकल्यासारखं होतं.

तिथल्या एका वसतिगृहाचं नाव आहे अकुआफो हॉल. ट्वी भाषेत अकुआफो म्हणजे शेतकरी. कोको उत्पादकांच्या पैशाची जाण ठेवून दिलेलं हे नाव आहे. इतर वसतिगृहांना वकिलांची, नद्यांची, राष्ट्रकुलाची नावं असताना एकाला शेतकऱ्याचं नाव असणं मला मोठं वाटतं. नोटेवर जे ग्रंथालय दिसतं, ते मात्र पहिल्या प्राचार्यांच्या नावाचं, बाम लायब्ररी.

अचिमोटा म्हणजे काय? प्रत्येक नेत्याच्या चरित्रात ते येतं.

अक्राजवळची शाळा. १९२७ मध्ये रीतसर सुरू झाली. गव्हर्नर गगिसबर्ग, पाद्री ए. जी. फ्रेझर आणि गोल्ड कोस्टचेच शिक्षणतज्ज्ञ जेम्स क्वेगिर अॅग्री या तिघांचं ते काम. नुसत्या काळ्या किंवा नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर सूर निघतील, पण सुसंवादासाठी दोन्ही लागतात, ही पियानोची उपमा अॅग्री देत असत. शाळेच्या बोधचिन्हात म्हणूनच पियानोच्या पट्ट्या आहेत. अॅग्री शाळा सुरू झाली त्याच वर्षी वारले.

एन्क्रुमा इथेच शिक्षक झाले. लष्करी बंडानं सत्तेवर आलेले जेरी रॉलिंग्ज इथले आणि मतपेटीतून आलेले जॉन अट्टा मिल्सही इथलेच. झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबेही काही काळ इथे होते. घानात शिक्षकी करताना त्यांना पत्नी मिळाली, सॅली हेफ्रन, ती घानाचीच. गा भाषेत अचिमोटाचा अर्थ 'इथे कुणाचं नाव घेऊ नये' असा सांगतात. पळून आलेले गुलाम या जंगलात लपत म्हणून. एवढी मोठी नावं घडवणाऱ्या शाळेला हे नाव असावं, याची मजा वाटते.

एन्क्रुमांनी विद्यापीठांसाठी काय केलं आणि काय बिघडवलं?

दोन्ही भरपूर. १९६१ मध्ये लेगॉन स्वतंत्र विद्यापीठ झालं, लंडनची पदवी संपली. कुमासीचं तंत्रमहाविद्यालय त्याच वर्षी विद्यापीठ झालं. १९६२ मध्ये केप कोस्टला शिक्षक तयार करण्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज निघालं. १९७१ मध्ये तेही पूर्ण विद्यापीठ झालं. लेगॉनला आफ्रिकी अध्ययन संस्था उभी राहिली. ऑक्टोबर १९६३ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन करताना एन्क्रुमांचा आग्रह हाच होता की आफ्रिकेकडे आफ्रिकेच्या डोळ्यांनी पाहा. क्वाबेना न्केटिया यांच्यासारख्या संगीताच्या संशोधकाला तिथे घर मिळालं.

पण कुलपती स्वतः एन्क्रुमाच होते. कुलगुरूपदावर त्यांनी आणलेले आयरिश लेखक-मुत्सद्दी कॉनर क्रूझ ओब्रायन यांच्याशी त्यांचं शैक्षणिक स्वातंत्र्यावरून वाजलं. १९६४ मध्ये पक्षाचे कार्यकर्ते लेगॉनच्या आवारात घुसले आणि काही परदेशी प्राध्यापकांना देशाबाहेर काढण्यात आलं. ओब्रायन १९६५ मध्ये पद सोडून गेले. पुढच्याच वर्षी एन्क्रुमांची सत्ता गेली आणि लेगॉनला पहिला घानाई कुलगुरू मिळाला, अलेक्झांडर क्वापोंग.

कुमासीच्या विद्यापीठाचं नाव दोनदा का बदललं?

१९६१ मध्ये क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ असं नाव पडलं. हयात माणसाचं, तेही सत्तेवर असलेल्याचं. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा हनोईला निघाले होते, वाटेत बीजिंगला असताना इकडे लष्करानं सत्ता घेतली. पुतळा पाडला गेला आणि विद्यापीठाच्या पाटीवरूनही नाव उतरलं. नुसतं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ राहिलं. १९९८ मध्ये जुनं नाव परत आलं. विद्यार्थी या भानगडीत पडले नाहीत. त्यांच्यासाठी ते आधीही 'टेक' होतं, आताही 'टेक'च आहे.

जमीन मात्र अशांती (असांते) लोकांच्या राजाची, त्याला असांतेहेने म्हणतात. असांतेहेने प्रेम्पे दुसरे यांनी ती दिली आणि आजचे असांतेहेने ओसेई टुटू दुसरे विद्यापीठाचे कुलपती आहेत. एन्क्रुमांचं आणि अशांतीच्या राजगादीचं कधी फारसं जमलं नाही, हे लक्षात घेतलं की पाटीवर एक आणि खुर्चीवर दुसरा, ही मांडणी अधिक रंगतदार वाटते.

घानात प्राध्यापकच नेते होतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी. यादी करण्यापेक्षा चार माणसं पाहू.

कोफी बुसिया समाजशास्त्रज्ञ, लेगॉनच्या कॉलेजातले पहिले आफ्रिकी प्राध्यापक. एन्क्रुमांच्या काळात परदेशात राहिले, १९६९ मध्ये पंतप्रधान झाले. इतका शिकलेला माणूस आला म्हणून लोक खूश होते. पण त्याच वर्षी त्यांच्या सरकारनं कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे नायजेरियन होते. डिसेंबर १९७१ मध्ये चलनाचं मोठं अवमूल्यन केलं आणि १३ जानेवारी १९७२ला ते उपचारासाठी ब्रिटनमध्ये असताना लष्करानं सत्ता घेतली. एन्क्रुमा चीनमध्ये, बुसिया ब्रिटनमध्ये. घानाच्या नेत्यानं परदेशी जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा, अशी ती वर्षं होती.

अल्बर्ट अडू बोआहेन इतिहासाचे. रॉलिंग्जच्या लष्करी राजवटीत सगळे गप्प होते, त्याला तिथे 'मौनाची संस्कृती' हाच शब्द रूढ झाला. १९८८ मध्ये बोआहेन यांनी जाहीर व्याख्यानं देऊन ती कोंडी फोडली. व्याख्यानमाला कुणाच्या नावाची? डांक्वांच्या. १९९२ मध्ये त्यांनी रॉलिंग्जविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. हरले, पण उभं राहण्यासारखं वातावरण तयार होण्यात त्यांचाच मोठा वाटा होता.

जॉन अट्टा मिल्स करकायद्याचे प्राध्यापक, लेगॉनला वर्षानुवर्षं शिकवलं. सत्ताविसाव्या वर्षी लंडनहून डॉक्टरेट. देशासाठी हॉकीही खेळले. दोनदा हरून तिसऱ्यांदा, २००८ मध्ये, ते दुसऱ्या फेरीत सुमारे ४० हजार मतांनी निवडून आले. एवढ्या निसटत्या निकालानंतरही सत्ता शांतपणे हस्तांतरित झाली. २४ जुलै २०१२ रोजी ते पदावर असतानाच वारले. उपाध्यक्ष जॉन महामा, लेगॉनचेच इतिहासाचे विद्यार्थी, त्याच दिवशी अध्यक्ष झाले.

चौथ्या जेन नाना ओपोकू-अग्येमांग, इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक. २००८ मध्ये केप कोस्टच्या कुलगुरू झाल्या, घानातल्या सरकारी विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू. मग शिक्षणमंत्री आणि जानेवारी २०२५ पासून देशाच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष.

कोफी अन्नान संयुक्त राष्ट्रांचे पहिले आफ्रिकी सरचिटणीस ना?

नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. त्यांच्या आधीचे बुट्रोस घाली इजिप्तचे, म्हणजे आफ्रिकेचेच. अन्नान सहाराच्या दक्षिणेकडून आलेले पहिले आणि संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत खालून वर चढत त्या पदावर पोचलेलेही पहिले. कार्यकाळ १९९७ ते २००६. २००१चं शांततेचं नोबेल त्यांना आणि संघटनेला विभागून मिळालं.

शिक्षण : केप कोस्टची म्फान्त्सिपिम शाळा, मग कुमासीचं 'टेक', तिथून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर कॉलेज, जिथून १९६१ मध्ये ते पदवीधर झाले. मधे १९७४ ते १९७६ घानात पर्यटन खात्याचं काम पाहिलं आणि पुन्हा न्यूयॉर्कला गेले. २००८ पासून ऑगस्ट २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लेगॉनचे कुलपती होते.

रॉलिंग्जच्या काळात विद्यापीठांचं काय झालं?

हाल. १९७९चं बंड, त्यात तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या गेल्या. ३१ डिसेंबर १९८१चं दुसरं बंड. १९८३ मध्ये दुष्काळ आणि वणवे. त्यात नायजेरियानं सुमारे दहा लाख घानाई लोकांना हाकलून दिलं. बुसियांनी केलेल्याची सव्याज परतफेड, असं अनेकांनी म्हटलं. चौकटीच्या ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ते सामान घेऊन परतले, तशा पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. आपल्याकडे बाजारहाटाला असतात तशाच त्या. विद्यापीठं वारंवार बंद पडायची, प्राध्यापक मिळेल त्या देशात निघून जायचे.

तरी एक गोष्ट त्यांच्या नावावर मांडायलाच हवी. उत्तर घाना कायम मागे राहिलेला, तिथे विद्यापीठ नव्हतं. १९९२ मध्ये तामालेला युनिव्हर्सिटी फॉर डेव्हलपमेंट स्टडीज स्थापन झालं आणि भूक निर्मूलनासाठी मिळालेल्या पुरस्काराची रक्कम रॉलिंग्जनी त्यात घातली. तिथल्या विद्यार्थ्यांना वर्षातला एक हिस्सा खेड्यात राहून काम करावं लागतं. आपल्याकडच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरापेक्षा हे बरंच जड प्रकरण आहे.

लेखक कोण वाचावेत?

अमा अट्टा आयडूपासून सुरुवात करा. १९६४ मध्ये लेगॉनहून पदवी घेतली आणि विद्यार्थिदशेतच लिहिलेल्या नाटकानं नाव झालं. अमेरिकेहून शिकलेला मुलगा तिकडचीच कृष्णवर्णीय बायको घेऊन घरी येतो, मग सासरच्या अंगणात काय काय होतं, हा विषय. मराठी वाचकाला परका वाटणार नाही. १९८२ मध्ये रॉलिंग्जनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. सर्वांना मोफत शिक्षण देता येत नाही हे दिसल्यावर दीड वर्षात त्यांनी पद सोडलं. मे २०२३ मध्ये त्या गेल्या.

कवी कोफी अवूनर यांच्या कवितेत एवे लोकांच्या शोकगीतांचा सूर आहे. लेगॉनला शिकवलं, तुरुंगवास भोगला, राजदूत झाले. साहित्य महोत्सवासाठी नैरोबीला गेले असताना २१ सप्टेंबर २०१३ रोजी वेस्टगेट मॉलवरच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेले.

नाटकाची आवड असेल तर एफुआ सदरलँड हे नावही लक्षात ठेवा. अनान्से या कोळ्याच्या (जाळं विणणाऱ्या, मासे धरणाऱ्या नव्हे) लोककथांचा बाज त्यांनी रंगमंचावर आणला.

लेगॉनमधून गांधींचा पुतळा का काढला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा रागातच येतो.

जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी विद्यापीठाच्या आवारात पुतळ्याचं अनावरण केलं. काही महिन्यांतच प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तो हटवण्यासाठी अर्ज केला. त्यांचे मुद्दे दोन. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधींनी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं, त्यात 'काफिर' हा हिणवणारा शब्द आहे आणि भारतीयांना त्यांच्या पंगतीत बसवू नका, असा सूर आहे. दुसरं म्हणजे आमच्या आवारात आमच्या थोरांचे पुतळे नसताना हा का? डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला.

पहिला मुद्दा खोटा नाही. ते लेखन छापील आहे, कुणीही वाचू शकतो. गांधी पुढे बदलले, हेही तितकंच खरं. १९५० मध्ये एन्क्रुमांनी ब्रिटिशांविरुद्ध जी अहिंसक असहकाराची मोहीम काढली, तिच्यावर गांधींचा प्रभाव होता आणि तो ते मान्य करत. म्हणजे घानाच्या स्वातंत्र्यात गांधी आहेत आणि घानाच्या विद्यापीठातून गांधी बाहेरही आहेत. माझ्या मते खरी चूक पुतळा काढण्यात नाही, विद्यापीठाला न विचारता तो बसवण्यात झाली. सरकारनं सरकारला दिलेली भेट ठेवायला आवार मात्र प्राध्यापकांचं. ज्या आवारात १९६४ मध्ये सत्ताधारी पक्ष घुसला होता, तिथली माणसं अशा गोष्टींना चटकन बिचकतात.

भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध?

आहेत, आणि सगळे पुतळ्यासारखे कडू नाहीत. अक्रामध्ये कोफी अन्नान यांच्या नावाचं माहिती तंत्रज्ञान केंद्र २००३ मध्ये भारताच्या मदतीनं सुरू झालं. त्याच्या उभारणीत पुण्याच्या सी-डॅकचा हात होता. राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय असलेलं ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून बांधलं गेलं, कंत्राटदार मुंबईचे शापूरजी पालनजी. २००८ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा एवढा खर्च कशाला म्हणून घानात बरीच बोंब झाली होती.

एक दूरचा धागाही आहे. १९४२ची क्रिप्स योजना शाळेत पाठ केलेली आठवत असेल. त्या स्टॅफर्ड क्रिप्स यांची मुलगी पेगी हिनं १९५३ मध्ये घानाचे वकील आणि राजकारणी जो अपिया यांच्याशी लग्न केलं. ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. जो यांना पुढे एन्क्रुमांनी तुरुंगात टाकलं (होय, यांनाही). पेगी कुमासीतच राहिल्या, अकान लोकांच्या म्हणी आणि गोष्टी गोळा केल्या आणि २००६ मध्ये तिथेच वारल्या. तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया हे त्यांचे चिरंजीव.

परदेशी कृष्णवर्णीय विचारवंत घानात का आले होते?

एन्क्रुमांनी दार उघडं ठेवलं म्हणून. १९५७च्या स्वातंत्र्य सोहळ्याला मार्टिन लूथर किंग सपत्नीक आले होते. अमेरिकेचे डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस नव्वदी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये, आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला अक्रामध्ये येऊन राहिले आणि २७ ऑगस्ट १९६३ला तिथेच गेले. दुसऱ्या दिवशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा तो प्रसिद्ध मोर्चा निघाला. माया अँजेलो याच काळात लेगॉनला नोकरी करत होत्या.

खासगी विद्यापीठं कशी आहेत?

पुष्कळ निघाली, सगळ्यांबद्दल बोलण्यासारखं नाही. अशेसी वेगळं. मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून पॅट्रिक अवुआ यांनी ते २००२ मध्ये अक्रामधल्या भाड्याच्या घरात तीस विद्यार्थ्यांवर सुरू केलं. अकान भाषेत अशेसी म्हणजे आरंभ. २०११ पासून ते बेरेकुसोच्या टेकडीवर आहे. तिथे विद्यार्थीच प्रामाणिकपणाची शपथ घेतात आणि परीक्षा पर्यवेक्षकाशिवाय होतात. यावरून सरकारी मान्यता देणाऱ्यांशी त्यांची बरीच ओढाताण झाली.

संस्थापक दिन ४ ऑगस्टला की २१ सप्टेंबरला?

सत्तेवर कोण आहे, त्यावर. मिल्स यांच्या काळात २००९ पासून एन्क्रुमांचा जन्मदिवस, २१ सप्टेंबर, संस्थापकाचा दिन झाला. एकवचनी. नाना अकुफो-अड्डो अध्यक्ष असताना २०१९ मध्ये तो संस्थापकांचा दिन झाला, अनेकवचनी, आणि तारीख ४ ऑगस्ट, कारण १९४७ मध्ये त्या दिवशी डांक्वा आणि मंडळींचा पक्ष स्थापन झाला होता. हे अध्यक्ष म्हणजे एन्क्रुमांनी न्यायासनावरून काढलेल्या एडवर्ड अकुफो-अड्डो यांचे चिरंजीव. महामा परत आल्यावर २०२५ मध्ये पुन्हा २१ सप्टेंबर झाला, पुन्हा एकवचनी. आणि ती तारीख मुळात मंगळवारची, हे वर आलंच आहे.

अक्राला गेलो तर काय पाहावं?

पूर्वीच्या पोलो मैदानावर, जिथे मध्यरात्री स्वातंत्र्य जाहीर झालं, तिथे एन्क्रुमांची समाधी आहे. ते १९७२ मध्ये बुखारेस्टला वारले. आधी गिनीत दफन, मग जन्मगावी न्क्रोफुलला आणि १९९२ पासून इथे. आवारात १९६६ मध्ये पाडलेला पुतळा ठेवला आहे, बिनमुंडक्याचा. मुंडकं कुणीतरी उचलून वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. ते परत आलं, पण जोडलं नाही. शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलं आहे.

तिथून लेगॉनला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, रहदारी फार असते. बाम लायब्ररीसमोर उभं राहून पाच सेडीची नोट धरून फोटो काढायचा असेल, तर नोट आधी सुटी करून घ्या.